रिकिबीचं ऑपरेशन : लेझर की ड्रिल?

प्रश्न : मी ३६ वर्षांची, इचलकरंजीत प्राथमिक शिक्षिका आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही कानांनी कमी ऐकू यायला लागलं, डावा जास्त गेलाय. मागच्या बाकावरची मुलं काय बोलतात ते कळत नाही. गंमत म्हणजे एसटीत, गोंगाटात मला इतरांपेक्षा बरं ऐकू येतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ओटोस्क्लेरोसिस, म्हणजे कानातलं रिकीब नावाचं छोटं हाड जखडलंय, असं सांगितलं आणि डाव्या कानाचं ऑपरेशन सुचवलं. ते हत्यारानं आणि बारीक ड्रिलनं करतात. पुण्याला दुसरं मत घेतलं, तर ते म्हणाले लेझरनंच करून घ्या, खर्च मात्र जास्त येईल. यजमान म्हणतात, लेझरनं हाड कापणार म्हणजे त्या उष्णतेनं आतला कान जळेल. नणंद म्हणते, तोंड वाकडं होतं. सासूबाईंना किरणांनी कॅन्सर होईल अशी धास्ती. लेझर सुरक्षित आहे का? मी कुणाकडे जाऊ? आणि माझ्या मुलीलाही हे होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, सासूबाईंची शंका सगळ्यात सोपी, म्हणून ती आधी मिटवते. कानात वापरतात ते लेझर म्हणजे एक तर डोळ्यांना दिसणारा निळा-हिरवा प्रकाश, नाही तर इन्फ्रारेड. एक्स-रे पेशींतल्या डीएनएला जशी इजा करू शकतो, तशी हा प्रकाश करत नाही. तो तापवतो, एवढंच. त्यांना निर्धास्त राहायला सांगा.

यजमानांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. कानाच्या सर्जन मंडळींनी हाच प्रश्न स्वतःला चाळीसहून जास्त वर्षं विचारलाय आणि आज ऑपरेशनच्या वेळी जी काळजी घेतली जाते, ती त्यातूनच आली. पण आधी हे ‘हाड कापणं’ म्हणजे किती, ते बघू. तुमच्या पत्रावरून वाटतं की घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कवटीच आहे.

कवटीच्या हाडाशी संबंध येणारी कानाची ऑपरेशनं वेगळी. हाड कुरतडणारा कानाचा आजार असेल किंवा बहिऱ्या कानासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचं असेल, तर कानामागचं मॅस्टॉइड हाड कोरावं लागतं. तिथे आजही ड्रिलच चालतं, वर पाण्याची सतत धार धरून. तेवढं हाड लेझरनं काढत बसलं तर वेळ जाईल आणि कडा करपतील. कानामागे चीर देऊन सगळं हाड लेझरनं कापून देतो असं कुणी सांगत असेल, तर तिथून उठून या.

तुमच्या ऑपरेशनमध्ये ज्या हाडाला हात लागणार आहे ते रिकीब. शाळेत आपण हातोडी, ऐरण, रिकीब शिकतो, त्यातलं तिसरं आणि शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. उंची साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्याच्या तळाशी एक पातळ पट्टी असते, तिला फूटप्लेट म्हणतात. ती आतल्या कानाच्या खिडकीत बसवलेली असते आणि आवाजाबरोबर हलते. ओटोस्क्लेरोसिसमध्ये तिच्या कडेला नवं हाड धरतं आणि पट्टी जखडते. आवाज पडद्यापर्यंत येतो, हाडांपर्यंत येतो, आणि तिथेच अडतो. नस चांगली असते. म्हणूनच डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क कानासमोर धरला तेव्हा तो तुम्हाला हळू वाटला असेल आणि कानामागच्या हाडावर टेकवला तेव्हा मोठा. एसटीत बरं ऐकू येण्याचं कोडंही यातच सुटतं : गोंगाटात समोरचा माणूस आवाज चढवून बोलतो आणि तुमचा अडलेला कान तो गोंगाटच कमी ऐकतो. बाळंतपणानंतर त्रास वाढणंही बऱ्याच बायकांच्या बाबतीत दिसतं.

ऑपरेशनमध्ये सर्जन मायक्रोस्कोपमधून कानाच्या नळीवाटेच आत जातो. पडदा बाजूला उचलायचा, रिकिबीचा वरचा कमानीसारखा भाग काढायचा, जखडलेल्या फूटप्लेटला जेमतेम ०.६ ते ०.८ मिलिमीटरचं एक भोक पाडायचं आणि ऐरणीला अडकवलेला टेफ्लॉनचा किंवा टायटॅनियमचा बारीक पिस्टन त्या भोकात सोडायचा. झालं. लेझर लागलाच तर तो रिकिबीला धरणारा स्नायूचा तंतू सोडवायला, कमानीचा पाय कापायला आणि हे भोक पाडायला. निरोगी कानात ती पट्टी साधारण पाव मिलिमीटर जाड असते, आजारात त्याहून जाड होते. कापायचं हाड एवढंच.

भीती हाडाची नाहीच, हाडापलीकडे काय आहे त्याची आहे. फूटप्लेटच्या मागे आतल्या कानाचं पाणी असतं आणि त्या पाण्यात एक-दीड मिलिमीटरवर तोल सांभाळणाऱ्या नाजूक पिशव्या. तिथे धक्का बसला, पाणी ओढलं गेलं किंवा ते तापलं, तर चक्कर येते, आवाज घुमायला लागतो आणि क्वचित ऐकणं कायमचं जातं. हे ड्रिलनं होऊ शकतं, हातातल्या सुईनं होऊ शकतं आणि लेझरनंही. तेव्हा ‘लेझर सुरक्षित का’ असं विचारण्यापेक्षा ‘पलीकडच्या पाण्याला यातलं कुठलं हत्यार कमी डिवचेल’ असं विचारलेलं बरं.

इथे लेझरची खरी बाजू सांगते. अमेरिकेत मेम्फिसच्या जॉन शे यांनी १९५६ मध्ये रिकीब काढून कृत्रिम भाग बसवला. तेव्हापासून सर्जनची एक जुनी डोकेदुखी आहे. कमान मोडताना किंवा हत्यारानं भोक पाडताना कधीकधी अख्खी पट्टीच निखळते आणि पाण्यावर तरंगायला लागते. तिला धरायला जावं तर ती आत बुडते. आत गेलेली पट्टी काढणं म्हणजे आतल्या कानाशी खेळ. लेझर हाडाला टेकतच नाही. दाब नाही, ओढ नाही, त्यामुळे पट्टी निखळायची शक्यता कमी होते. पट्टी तरंगायला लागलीच, तरी तिला हात न लावता तिथल्या तिथे भोक पाडता येतं. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या रॉडनी पर्किन्स यांनी आर्गन लेझरनं हे भोक पाडण्याची पद्धत मांडली, ती याच फायद्यासाठी.

आता यजमानांची उष्णता. ‘लेझर’ हे एकच यंत्र नाही आणि पुण्याच्या डॉक्टरांना तुम्ही नेमकं हेच विचारायचं आहे : लेझर कुठला?

आर्गन आणि केटीपी हे दिसणारे लेझर. केटीपीची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर, रंग हिरवा. बारीक फायबरमधून तो थेट जागेवर नेता येतो. पण पांढरं हाड आणि नितळ पाणी हा प्रकाश फारसा शोषत नाहीत, रक्ताचा लाल रंग मात्र शोषतो. म्हणून सर्जन कधीकधी हाडावर रक्ताचा थेंब ठेवतात, म्हणजे किरण तिथे पकड घेतो. एकदा जागा करपली की पुढचं काम भराभर होतं. धोकाही इथेच. भोक पडल्यावर त्याच भोकातून पुन्हा किरण मारला, तर तो नितळ पाण्यातून सरळ पलीकडे जातो आणि त्या पिशव्यांवर पडू शकतो. जाणता सर्जन म्हणून कडेकडेनं ठिपके मारत जातो, उघड्या भोकात पुन्हा मारत नाही आणि उरलेला काजळीचा कण हत्यारानं अलगद काढतो.

कार्बन डायऑक्साइड लेझर इन्फ्रारेड, १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पाणी त्याला लगेच गिळतं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास तो संपतो. हाडातही पाणी असतं, त्यामुळे हाडावरही तो चांगला चालतो, आणि भोक पडल्यावर आतलं पाणीच त्याला अडवतं. खोल जाण्याची भीती इथे कमी. पण पाणी त्याला अडवतं म्हणजे त्याची उष्णता पाण्याच्या वरच्या थरातच उतरते, म्हणून एकामागून एक धडाधड मारायचा नसतो, मध्ये थांबायचं असतं. तो दिसत नाही, म्हणून रोख कळायला सोबत लाल किरण सोडतात. ते दोन किरण एका रेषेत आहेत का, हे ऑपरेशनआधी तपासून घ्यावं लागतं. यात हयगय झाली तर लाल ठिपका एकीकडे आणि काम दुसरीकडे.

तिसरा अर्बियम-यॅग. हाड कापण्यात तो सगळ्यात सफाईदार, आजूबाजूचं जवळजवळ तापवत नाही. पण प्रत्येक ठोक्याला हाडाचा छोटासा स्फोट होतो आणि त्याच्या दाबाची लाट पाण्यात जाते. म्हणजे उष्णता वाचवायची तर धक्का पदरात पडतो. या लेझरनंतर काही रुग्णांत कान वाजणं आणि ऐकण्यात तात्पुरती घट दिसली आहे. हाड सुरेख कापणारं यंत्र कानाला सगळ्यात मानवणारं असेलच असं नाही. मला स्वतःला या कामासाठी तो नको वाटतो, इतरांची मतं वेगळी असू शकतात.

ड्रिलचं काय? रिकिबीसाठीचं ड्रिल हळू फिरणारं, टोकाला ०.६-०.७ मिलिमीटरचा हिऱ्याचा मणी. फूटप्लेट खूप जाड झाली असेल तर त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. तिथे लेझरनं थरावर थर जाळत राहिलं तर काजळी साचते आणि उष्णता वाढते. म्हणून बरेच लेझरवाले सर्जनही ड्रिल शेजारी तयार ठेवतात. ठेवत नसतील तर मला थोडी काळजी वाटेल.

निकालाचं बोलायचं, तर पहिल्यांदाच होणाऱ्या ऑपरेशनमध्ये लेझर आणि ड्रिल या दोघांनी ऐकू येण्यात होणारी सुधारणा जवळपास सारखीच भरते. अनुभवी हातात दहातल्या नऊ रुग्णांची हाडावाटे आणि हवेवाटे ऐकू येण्यातली तफावत १० डेसिबलच्या आत येते. कान पूर्ण बधिर होण्याचा धोका शंभरात साधारण एक किंवा त्याहून कमी. हा धोका दोन्ही पद्धतींत आहे, आणि संमतिपत्रावर सही करताना तुम्हाला तो माहीत असलाच पाहिजे. जिथे मी लेझरचाच आग्रह धरीन ते दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन : आधीचा पिस्टन सरकलेला, भोवती चिकट पडदे धरलेले. ते ओढून काढले तर आतला कान फाटू शकतो, लेझरनं ते न ओढता विरघळवता येतात. तुमचं ऑपरेशन पहिलंच आहे.

नणंदेनं ऐकलेलं खोटं नाही, पण अर्धं आहे. चेहऱ्याची नस या खिडकीच्या अगदी वरून जाते. बऱ्याच लोकांत तिथलं तिचं हाडाचं आवरण अपुरं असतं, काहींच्या कानात ती खिडकीवर लोंबलेली दिसते. किरण चुकला किंवा चकचकीत हत्यारावरून परतला तर तिला चटका बसू शकतो. म्हणून सर्जन आधी नस डोळ्यांनी बघतो, हत्यारं काळपट पृष्ठभागाची वापरतो आणि नस फारच आडवी आली तर काम तिथेच थांबवतो. शहाणा सर्जन कान उघडून काहीही न करता मिटतो, तेव्हा पेशंटच्या घरचे रागावतात, पण ते बरोबर असतं. आणखी एक : काहींना ऑपरेशननंतर आठवड्याभरानं चेहरा थोडा वाकडा होतो. हे लेझर न वापरताही होतं, फार क्वचित होतं आणि औषधांनी बहुतेकांचं पूर्ववत होतं. त्या मानानं जिभेची चव बदलण्याचा त्रास नेहमीचा. चवीची बारीक नस वाटेतच येते, ती ताणली जाते. काही आठवडे-महिने आमटी पत्र्यासारखी लागते, मग हळूहळू नीट होतं.

थिएटरमधली काळजी बघायला तुम्ही जाणार नाही, पण विचारू शकता. प्रत्येक लेझरच्या तरंगलांबीसाठी संरक्षक चष्मा वेगळा असतो, तो खोलीतल्या सगळ्यांनी घालायचा असतो, पेशंटचे डोळेही झाकायचे. भोवतीचं कापड ओलं ठेवतात. हे ऑपरेशन आपल्याकडे पुष्कळदा जागेपणी, फक्त कानापुरती भूल देऊन होतं, कारण चक्कर आली तर पेशंट तिथेच सांगू शकतो. पण त्या वेळी नाकाला ऑक्सिजनची नळी असली आणि तो कापडाखाली साठला, तर लेझरच्या ठिणगीनं कापड पेट घेऊ शकतं. स्पिरिटचं लोशन न वाळता किरण चालू केला तरी तेच. नर्सला ‘लेझर स्टँडबायवर’ असं मोठ्यानं बोलायची सवय असलेलं थिएटर मला आवडतं.

मग कोल्हापूर की पुणे? दोन्ही डॉक्टरांना मी ओळखत नाही. त्यांना विचारा : रिकिबीची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का, तुमच्या स्वतःच्या रुग्णांत किती जणांचा कान बधिर झाला, लेझर कुठला, तो तुम्ही किती वर्षं वापरताय की नुकताच आणलाय, आणि पट्टी तरंगायला लागली तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाला जो शांतपणे, तपशिलात उत्तर देईल त्याच्याकडे जा, मग त्याच्या हातात काहीही असो. वर्षानुवर्षं ड्रिलनं करणारा हात नवीन यंत्र शिकणाऱ्या हातापेक्षा सुरक्षित. आणि ज्याचा लेझर रोजचा झालाय, त्याला तुम्ही स्वस्त पडावं म्हणून ड्रिलनं करा असं सांगू नका. ‘टाका नाही, दुखणं नाही’ अशा पाट्या वाचून निवड करू नका, टाके तसेही या ऑपरेशनला बहुधा लागत नाहीत. खर्चाचं अवघड असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे जाऊन हे ऑपरेशन तुमच्या बाबतीत बसतं का, ते विचारून घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते : हे ऑपरेशन तातडीचं नाही. तुमची नस चांगली आहे, त्यामुळे श्रवणयंत्राचा तुम्हाला उत्तम उपयोग होईल, वयानं कान गेलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. निर्णय होत नसेल तर सहा महिने यंत्र लावून वर्गात उभ्या राहा. कुणी म्हणेल, एवढ्या तरुण वयात मशीन? चष्म्याबद्दल कुणी असं बोलत नाही. ऑपरेशन करायचंच ठरलं तर जास्त गेलेला कान आधी, आणि दुसऱ्या कानाचा विचार पहिल्याचा निकाल किमान सहा महिने स्थिर राहिल्यावरच. मध्ये दिवस गेले तर बाळंतपण होईपर्यंत थांबायचं. तुम्हाला आत्ता चक्कर येत असेल, किंवा स्वतःचा आवाज, पावलं, डोळ्यांची हालचालसुद्धा कानात ऐकू येत असेल, तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगा. आतल्या कानाचा एक वेगळा दोष ओटोस्क्लेरोसिसचं सोंग घेतो. त्यात हे ऑपरेशन निरुपयोगी ठरतं, आणि तो सीटी स्कॅनमध्ये दिसतो.

ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस डोकं जड, थोडी गरगर, हे चालतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायची, दळणाचा डबा किंवा पाण्याची घागर काही आठवडे उचलायची नाही, विमान डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. शाळेत ओरडून शिकवण्याची घाई नको. ऐकू किती आलं हे बँडेज काढल्या दिवशी ठरवू नका, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, महिना-दीड महिन्यानं होईल. मात्र चक्कर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, आलेलं ऐकू येणं एकाएकी गेलं, किंवा कान जोरात वाजायला लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला गाठा. अशा वेळी तास महत्त्वाचे असतात.

आता मुलगी. ओटोस्क्लेरोसिस घराण्यात चालतो. आईकडून मुलांकडे दोष जाण्याची शक्यता साधारण निम्मी, पण दोष मिळालेल्या सगळ्यांनाच बहिरेपण येत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. त्रास होतो तो बहुधा विशी ते चाळिशीत. शाळकरी वयात तिची कुठलीही तपासणी करायची गरज नाही. मोठी झाल्यावर लग्नाआधी किंवा पहिल्या खेपेनंतर फोनवर ‘काय?’ असं पुन्हा पुन्हा विचारायला लागली, तर एक साधा ऑडिओग्राम काढा. त्यात हाडावाटे ऐकण्याच्या रेषेला २,००० हर्ट्‌झच्या जागी खळगा दिसतो का, ते डॉक्टरांना बघायला सांगा. तोच खळगा तुमच्या कागदावरही असेल.